चावी काढल्यावर

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी पद्मा साळवे हे नाव घेतो. आईवडिलांच्या आधी घेतो. घरी त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. वडील उल्हासनगरात जीन्स रंगवण्याच्या कारखान्यात होते, त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. ते स्वतःच म्हणायचे, "आम्ही तुला शाळेत घातलं. पण चार माणसांत उभं राहायला त्या बाईनं शिकवलं."

पद्माताई शिक्षिका नव्हत्या. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांसाठी एक ठेकेदार आपत्कालीन गाड्या चालवायचा. रुग्णवाहिका, दोन-तीन जीप आणि पाण्याचा एक टँकर. कुठे आग लागली, कुठे वायू सुटला, कुठे माणूस यंत्रात सापडला, की या गाड्या निघायच्या. रसायनांच्या कारखान्यांत मोबाइल गेटवरच काढून ठेवावा लागतो, म्हणून प्रत्येक गाडीत वायरलेस रेडिओ होता. ते रेडिओ गाडीत बसवायचे आणि वेळ आली की काढायचे, हे काम पद्माताईंचं. मी कुळगावच्या मराठी शाळेतून आलेला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात एका विषयात लटकलेला मुलगा. नियंत्रण कक्षात ऑपरेटर म्हणून लागलो होतो. टेबलावर मुख्य रेडिओ, बाजूला टेलिफोन आणि समोर खिडकी. खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात बहुतेक वेळा कुठल्यातरी गाडीच्या दारातून बाहेर आलेले पद्माताईंचे पाय दिसायचे.

त्यांच्या कामात एक अडचण मुळातच होती. गाड्या ठेकेदाराच्या मालकीच्या नव्हत्या. भाड्याने घेतलेल्या होत्या, करार संपला की परत जायच्या. मालकांची एकच अट असायची, की गाडीला भोक पाडायचं नाही, वायर कापायची नाही, डॅशबोर्डवर ओरखडा उमटता कामा नये. रेडिओ तर हवा, आणि तोही असा घट्ट, की गाडी खड्ड्यात आपटली तरी उडून कुणाच्या डोक्यात बसू नये.

पद्माताई मूळच्या सीट कव्हर शिवणाऱ्या. उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या दुकानात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्यामुळे गाडी आतून कशी असते, कुठल्या सीटखाली कुठला बोल्ट आहे, दाराचं रबर कुठे सैल असतं, पायाखालची प्लॅस्टिकची पट्टी कशी उचकटते आणि पुन्हा कशी दाबून बसते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बोल्ट सोडायच्या, त्याखाली भोकं असलेली लोखंडी पट्टी सरकवायच्या आणि तोच बोल्ट पुन्हा आवळायच्या. रेडिओचा डबा त्या पट्टीवर, सीटखाली. अँटेना छपरावर लोहचुंबकाने चिकटलेली, आणि रंगाला चरे पडू नयेत म्हणून तिच्याखाली रेक्झिनचा गोल तुकडा. अँटेनाची वायर मागच्या दाराच्या रबरातून आत यायची. ती आत घेण्यापूर्वी बाहेर थोडी खाली लोंबती ठेवायच्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथूनच गळून जातं. डॅशबोर्डवर दिसायचा तो फक्त छोटा स्पीकर आणि हूकला अडकवलेला माइक.

"पाहुण्यासारखं बसवायचं," त्या म्हणायच्या. "पाहुणा भिंतीत खिळे मारतो का? उद्या आपण गेलो तर घरच्यांना आपली आठवण यावी, डाग नाही दिसला पाहिजे."

हे सगळं त्या तोंडात सीट कव्हर ताणून अडकवायचे लोखंडी आकडे धरून बोलायच्या. ती जुनी सवय सुटली नव्हती. सलवार-कमीजवर त्यांनी स्वतः शिवलेला मोठा खिसा होता, पण आकडे खिशात नाही, ओठांत. आम्हाला ते बोलणं कळायला लागलं होतं. त्यांनी तोंडातले आकडे काढून हातात घेतले, की समोरच्याने समजून जायचं की आता आपलं काही खरं नाही.

रेडिओ बसवून झाला की शेवटची परीक्षा ठरलेली. त्या गाडीत गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्या डब्याला ओढायच्या, सगळं वजन टाकून. मग खाली वाकून बोल्ट बघायच्या. एकदा मी हसलो. म्हणालो, "ताई, रेडिओ आहे, झोपाळा नाही."

"ए ग्रॅज्युएट," त्या म्हणाल्या. मी अजून ग्रॅज्युएट झालो नव्हतो तरी मला त्या याच नावाने हाक मारायच्या. "ब्रेक मारल्यावर हा डबा कुणाच्या पायाच्या नळीवर जाईल सांग. पुस्तकात असेल ते."

मी वेग आणि वस्तुमानाचं काहीतरी सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या ओढण्यापेक्षा जास्त जोर येतो. मग आजपासून तूपण ओढ. दोघं मिळून ओढू." आणि त्या दिवसापासून प्रत्येक गाडीला आम्ही दोघे लटकायला लागलो. शिकलेल्या माणसाचं म्हणणं त्यांना पटलं की त्या ते लगेच वापरात आणायच्या, त्यात त्यांना कसलाच कमीपणा वाटत नसे.

गाडी परत द्यायच्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सगळं काढून, चिकटपट्टीचे डाग खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून, त्या मालकाला बोलवायच्या आणि बाजूला हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. बदलापूरचे एक वयस्कर जीपमालक होते, भारी संशयी. त्यांनी चष्मा लावून, टॉर्च घेऊन सगळी जीप तपासली. सीटखाली डोकं घातलं. टपावर चढायला लागले तेव्हा पद्माताईंनी खालून शिडी धरली.

"काका, सापडलं का भोक?"

"नाही बुवा. पण होता कुठं रेडिओ?"

"तेच तर तुम्ही सांगायचं."

"अहो, मग तुम्ही बसवलाच नव्हता की काय? भाडं तर रेडिओच्या गाडीचं घेतलंय मी!"

आकडे तोंडातून पडतील इतकं त्या हसल्या. त्यांना मी तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

रेडिओवर मात्र हसणं बिलकुल चालायचं नाही. बोलायचं कसं हे मला त्यांनीच शिकवलं. आधी कुणाला हाक मारतोय ते, मग आपण कोण ते, मग कामाचं एकच वाक्य. आणि समोरून पोच आलीच पाहिजे. "पोच आली नाही तर आपलं बोलणं पोचलंच नाही असं धरायचं. मग पुन्हा हाक मारायची. तो ऐकत असेल, असं मनाशी म्हणायचं नाही."

पोच देण्यात सगळ्यांत पक्का होता गणपत भोईर. दोन नंबरच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, चामटोलीचा. जाडजूड, कपाळाला बुक्का, बोलणं ठसकेबाज. काहीही सांगितलं की तिकडून त्याचा आवाज यायचा, "आयकलं, बेस." बेस म्हणजे आमचा नियंत्रण कक्ष. कधी चुकून नुसतं 'हो' म्हणाला नाही. पद्माताईंना तो अक्का म्हणायचा, आणि त्या त्याला इतर कुणाला देत नसत इतक्या शिव्या द्यायच्या, कारण तो डॅशबोर्डवर गणपती, लिंबू-मिरची, पाण्याची बाटली, सगळं मांडून ठेवायचा.

"भोईर, हा बाजार उचल. ब्रेक मारलास तर देव येईल तुझ्या नाकावर."

"येऊ दे ना अक्का. देव सोताहून येतंय तर नको कसा बोलू?"

नियंत्रण कक्षात काम नसेल तेव्हा पद्माताई माझं पुस्तक स्वतः माझ्यापुढे उघडून ठेवायच्या. परीक्षेच्या दिवशी माझ्या जागी दुसरा माणूस बसावा म्हणून त्यांनी ठेकेदाराशी भांडण केलं, आणि ते आकडे हातात घेऊन केलं. माझा राहिलेला विषय सुटला तो दिवस मी कधी विसरणार नाही. निकाल टेलिफोनवर मित्राने कळवला. मी खिडकीतून खाली ओरडून सांगितलं. पद्माताई गाडीखालून बाहेर आल्या, हात पुसले, जिना चढून वर आल्या, माझ्या पुढचा माइक उचलला आणि ज्या बाईने मला रेडिओवर एक शब्द जास्त बोलू दिला नव्हता ती म्हणाली, "सगळ्या गाड्यांना बेसकडून. आपला ऑपरेटर ग्रॅज्युएट झाला. खराखुरा. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग भोईरचा आवाज. "आयकलं, बेस. त्याला बोला, आता तरी दाढी कर."

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. ती बातमी घरी कळायच्या आधी हवेत गेली होती, आणि अंबरनाथ ते बदलापूर रस्त्यावर जिथे जिथे आमची गाडी होती तिथे ऐकली गेली होती.

त्यानंतरच्या वर्षी दोन नंबरची जुनी रुग्णवाहिका परत गेली आणि तिच्या जागी नवीकोरी आली. मालकाचा माणूस सोबत आला होता. बॉनेट उघडायचं नाही, बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर कंपनीची वॉरंटी जाईल, असं त्याने बजावलं. जुन्या गाड्यांत पद्माताई रेडिओची वायर इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात आधीच असलेल्या रबरी बुचातून पलीकडे नेऊन, फ्यूज लावून, थेट बॅटरीला जोडायच्या. इथे ती वाट बंद झाली. त्या माणसाशी त्या थोडा वाद घालत होत्या, तेवढ्यात ठेकेदार खाली आला. "मॅडम, सिगारेट लायटरचं सॉकेट असतं ना? त्याच्यावर घ्या आणि विषय संपवा. गाडी उद्यापासून रोडवर पाहिजे."

सॉकेटवर रेडिओ घेणं काही नवीन नव्हतं. जीपमध्ये त्यांनी अनेकदा तसं केलेलं होतं. आमच्याकडे तोवर आलेल्या सगळ्या गाड्यांत ते सॉकेट चावी असो वा नसो, चालू राहायचं. त्यांनी रेडिओ नेहमीप्रमाणे सीटखाली दडवला. स्पीकर आणि माइक वर. चावी फिरवून, इंजिन चालू करून, मला हाक मारली. मी उत्तर दिलं. आवाज खणखणीत. मी खाली आलो आणि आम्ही दोघे डब्याला लटकलो. भोईर शेजारी उभा होता. त्याने नव्या डॅशबोर्डवर आपला गणपती ठेवला आणि पद्माताईंकडे बघून तो परत खिशात घातला.

गाडी रस्त्यावर आली त्यानंतर लगेचचीच ती दुपार. एका कारखान्यातून टेलिफोन आला, वायू सुटलाय, दोन कामगारांना त्रास होतोय. दोन नंबर निघाली. भोईरने पोचल्याचं कळवलं. मागच्या गेटजवळ थांब, माणसं तिकडे आणतील, बोलावल्याशिवाय हलू नकोस, असा कारखान्याचा निरोप मी त्याला दिला. "आयकलं, बेस."

वायू सुटलेला असेल तिथे गाडी उभी केली की इंजिन बंद करायचं आणि चावी काढून खिशात ठेवायची, हा नियम आहे. ठिणगी पडू नये म्हणून. भोईरने तसंच केलं.

मग कारखान्यातून पुन्हा टेलिफोन आला. वारा फिरलाय, वायू मागच्या गेटकडे चाललाय, माणसं पुढच्या गेटने काढतोय, गाडी ताबडतोब पुढे आणा. मी हाक मारली. "दोन नंबर, बेसकडून. पुढच्या गेटला ये." पोच आली नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा. मी हाका मारत असतानाच दुसऱ्या हाताने टेलिफोन उचलून कारखान्याला सांगितलं, ड्रायव्हर उत्तर देत नाही, कुणीतरी धावा. अंगणातून पद्माताई माझा आवाज ऐकून वर आल्या. माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. मी हाक मारायचो, थांबायचो, खरखर ऐकायचो, पुन्हा हाक मारायचो.

तोंडाला कपडा बांधलेले दोघे जण मागच्या गेटपर्यंत पोचले तेव्हा भोईर गाडीचं दार उघडून खाली उतरला होता. दारापासून फार पुढे तो जाऊ शकला नव्हता. रुग्णालयात नेताना वाटेतच तो गेला. चावी त्याच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात परत आली. कारखान्याचे, ठेकेदाराचे, विम्याचे लोक येऊन गेले. एकाने चावी फिरवली, माइक उचलला, बेसला हाक मारली. मी उत्तर दिलं. रेडिओ ठीक चालत होता. ते बघून ठेकेदार हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झोपला असेल. दुपारची वेळ. किंवा उतरून कुठे गेला असेल. रेडिओ तर ओके आहे." ते वाक्य जिना चढून वर आलं, आणि तिथल्या सगळ्यांनी ते खरं धरलं. मीसुद्धा काय धरायचं ते मला कळत नव्हतं. भोईर आणि पोच देणार नाही?

लोक गेल्यावर पद्माताई त्या गाडीत जाऊन बसल्या. रेडिओवरून त्यांचा आवाज आला. "बेस, बोलत राहा. थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस."

"काय बोलू?"

"काहीपण. पेपर वाच."

मी टेबलावरच्या वर्तमानपत्रातली भाजीच्या भावांची बातमी वाचायला लागलो. खिडकीतून त्या ड्रायव्हरच्या सीटवर दिसत होत्या. काचा बंद होत्या. मी वाचत राहिलो, पान उलटलं, दुसरी बातमी घेतली. त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्या उतरल्या आणि सावकाश वर आल्या. मी अजून वाचत होतो.

"बस," त्या म्हणाल्या. "भाज्यांच्या पुढे काय वाचलंस?"

मी सांगितलं.

"मला भाज्यांपर्यंत ऐकू आलं. मग मी चावी काढली." त्या खुर्चीवर बसल्या. "या गाडीचं सॉकेट चावीबरोबर मरतं रे. आणि डबा मी सीटखाली लपवला. वर असता तर डब्यावरचा दिवा गेलेला दिसला असता त्याला. स्पीकरचं काय, बंद असला काय आणि कुणी बोलत नसलं काय, सारखाच."

मी म्हणालो, "ताई, बॅटरीला हात लावू नका असं त्यांनीच सांगितलं होतं."

"त्यांनी सांगितलं. मी 'मग बसवत नाही' असं म्हणू शकत होते. चावी काढून एकदा बोलून बघू शकत होते." मग त्या म्हणाल्या, "आपण त्याला सांगितलं होतं, बोलावल्याशिवाय हलू नकोस. तो वाट बघत बसला."

चौकशी सुरू झाली. इथे काय पणाला लागलं होतं ते सरळ सांगतो. ड्रायव्हरचा हलगर्जीपणा ठरला असता तर भोईरच्या बायकोला, वनितावहिनींना, काहीही मिळालं नसतं, आणि ड्युटीवर झोपलेला माणूस म्हणून त्याचं नाव कायमचं राहिलं असतं. ठेकेदाराने पद्माताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धं उघडं होतं.

"मॅडम, तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. रेडिओ चालतो हे सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही कशाला मध्ये पडता? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

पद्माताईंनी तोंडातले आकडे काढून त्याच्या टेबलावर ठेवले. "येणार नाही. म्हणून तर त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला पाहिजे ना साहेब."

चौकशीचे अधिकारी आले त्या दिवशी पद्माताईंनी सगळ्यांना अंगणात नेलं. चावी लावली. मला बोलायला सांगितलं. माझा आवाज गाडीतून येत होता, सगळे माना हलवत होते. मग त्यांनी चावी काढून हातात वर धरली. मी हातातल्या वॉकी-टॉकीवर बोलत राहिलो. दोन नंबर, बेसकडून. दोन नंबर, बेसकडून. गाडीतून काहीही आलं नाही. उन्हात उभ्या असलेल्या त्या सगळ्या माणसांत फक्त माझा एकट्याचा आवाज होता.

"रेडिओ त्यानं बंद केला नाही," पद्माताई म्हणाल्या. "नियमानं चावी काढली म्हणून तो बंद झाला. सॉकेटवर मी घेतला होता. लिहा, मी घेतला होता. पद्मा साळवे."

भोईरचं नाव साफ झालं. वहिनींना जे कायद्याने मिळायचं ते मिळालं, आणि एका कारखान्याने कँटीनमध्ये कामाला घेतलं. पद्माताईंना ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना कुणी निरोप समारंभ केला नाही. त्यांची लोखंडी पट्ट्यांची पिशवी त्यांनी माझ्या टेबलाखाली ठेवली. "तुझ्याकडे असू दे."

त्या चामटोलीला स्वतः गेल्या. मला सोबत घेतलं, कारण त्यांना घर माहीत नव्हतं. वनितावहिनी ओटीवर बसल्या होत्या. पद्माताई खाली, पायरीवर बसल्या आणि त्यांनी काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. सॉकेट काय, चावी काय, सीटखालचा डबा काय. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तो झोपला नव्हता."

"नाही."

"तुमच्या हाकेची वाट बघत होता."

"हो."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला आणि खाली घेतला. "झोपला होता असा बोलली असतीस तर मी त्याच्यावर रागावली असती. रागावून रागावून एक दिवस राग संपला असता. आता त्याच्यावर कसा रागावू? तू सांगाला आलीस ना, मंग तुझ्यावर रागावतंय. जा. परत येऊ नको इथं."

पद्माताई उठल्या. मान हलवली. परतीच्या रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या. "बरोबर बोलली ती."

मला पुढे एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी लागली, आणि तिथल्या गाड्यांत रेडिओ बसवायचं काम माझ्याकडेच आलं. पद्माताई उल्हासनगरला त्यांच्या जुन्या दुकानात परत गेल्याचं कळलं होतं. भेटायला जायचं मी पुढे ढकलत राहिलो, आणि शेवटी गेलो. दुकानाच्या समोर एक गाडी उभी होती, मागचं दार उघडं, आणि दारातून बाहेर आलेले ते ओळखीचे पाय. शेठ गल्ल्यावरून ओरडले, "पद्मा, तेरा मेहमान आया है. साईं, बैठो."

त्या बाहेर आल्या. केस जास्त पांढरे झाले होते. ओठांत आकडे. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"रेडिओ कशावर घेतोस आता?" त्यांनी आकड्यांमधूनच विचारलं.

"बॅटरीवर. फ्यूज लावून."

"आणि बॅटरीला हात लावू दिला नाही तर?"

"गाडी परत पाठवतो."

"डबा?"

"दिवा दिसेल असा."

"चावी काढून बोलतोस?"

"बोलतो."

"बरं," त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या, जणू अजून काही विचारायचं होतं. मग पुन्हा वाकून गाडीत शिरल्या, आणि आतून कापड ताणल्याचा करकर आवाज यायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. शेठनी चहा मागवला होता, तो प्यायलो आणि आलो.

त्यांना मी नंतर लिहिलेलं पत्र इथे देतो. तोंडाने बोलता आलं नाही म्हणून लिहिलं.

आदरणीय पद्माताई,

सप्रेम जय भीम. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे. डोळ्यांना ताण पडत असेल तर शेठना सांगून दुकानाबाहेरचं काम उजेड असेपर्यंतच घ्या.

परवाची गोष्ट कळवायची आहे. आमच्याकडे नवी रुग्णवाहिका आली. रेडिओ बसवला, पट्टी तुम्ही दिलेल्या पिशवीतलीच. गेटच्या आत उभी करून ड्रायव्हरला इंजिन बंद करायला आणि चावी काढायला सांगितलं, आणि बेसवरून हाक मारायला लावली. नेहमी करतो तसंच. तेव्हा कँटीनच्या वनितावहिनी चहाची किटली घेऊन शेजारून चालल्या होत्या. त्या इथेच कामाला आहेत हे तुम्हाला माहीत आहे. रोज समोर येतात, पण त्या दिवसाचा किंवा तुमचा विषय आम्ही दोघेही कधी काढत नाही.

त्या थांबल्या. बंद गाडीतून बेसचा आवाज आला, ड्रायव्हरने उत्तर दिलं, पुन्हा आवाज आला. त्यांनी मला विचारलं, "ही चावी काढाची रीत तिची का?" मी हो म्हणालो. त्यांनी किटली खाली ठेवली आणि चाचणी संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग किटली उचलून गेल्या. त्यांचा राग गेला असं मी म्हणत नाही, तसं मला वाटलंही नाही. पण जे घडलं ते तुम्हाला कळायला हवं असं वाटलं.

माझं जे काही झालं ते तुमच्यामुळे झालं. हे मी दुकानात बोलणार होतो.

या पत्राची पोच द्या. पोच आली नाही तर माझं बोलणं पोचलं नाही असं धरून मी पुन्हा लिहीन. तुम्हीच शिकवलंय.

तुमचा,
नितीन